वायपरच्या तीन जोड्या, एक टपरी आणि कुंभार्ली घाट

माझं माहेर पाटणचं, सासर चिपळूणचं आणि मधे कुंभार्ली घाट. आई एकटी असते, म्हणून शनिवारी कॉलेज सुटलं की घाट चढायचा आणि रविवारी संध्याकाळी उतरायचा, हे गेली चार वर्षं चाललंय. एप्रिलमध्ये या रस्त्याचं काहीच वाटत नाही. जुलैत मात्र पायथ्याचं पोफळी गाव मागे पडलं की पुढे धुकं, वरून कोसळतंय, वळणावरून अचानक ट्रकचे दिवे अंगावर येतात, आणि सगळा जीव काचेवर फिरणाऱ्या त्या दोन काळ्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. घाटापलीकडे कोयनानगरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे शहरात चांगला चालणारा वायपर इथे चालेलच असं नाही, हे आधीच सांगते.

गाडी सेकंडहँड हॅचबॅक. २२ जुलै २०२१च्या पुरात आमची आधीची गाडी गेली, म्हणजे वाशिष्ठी नदीचं पाणी तिच्या टपावरून गेलं, त्यानंतर घाईत घेतलेली. चांगली आहे बिचारी. पण पहिल्याच पावसाळ्यात वायपर सुरू केला की काच साफ व्हायच्या ऐवजी दुधी व्हायची. पाणी निघून जायचं, पण मागे बारीक थेंबांची एक धुरकट साय राहायची, आणि समोरून गाडी आली की त्या सायीत दिव्याचा असा फुलोरा फुटायचा की रस्ता कुठे आणि कठडा कुठे ते कळेना. मी सरळ वायपरला दोष दिला. कोणीही देईल.

पहिली जोडी गाडीबरोबर आलेली, साधी फ्रेमची. म्हणजे वर पत्र्याचा सांगाडा, त्याला नख्या, त्या नख्यांत रबर. ती काढून मी नावाजलेल्या कंपनीची फ्रेमलेस जोडी बसवली. हिच्यात सांगाडा नसतो. रबराच्या आतच एक वाकडी पोलादी पट्टी असते आणि तीच सगळीकडे सारखा दाब देते. दिसायला झकास, वाऱ्याचा आवाज कमी. पंधरा दिवस बरी चालली. मग तीच साय, आणि वर एक नवीन भानगड: परत येताना कर्र कर्र कर्र अशी उड्या मारत यायची. पुढच्या पावसाळ्यात ऑनलाइन सिलिकॉनची मागवली. तिने तर दुसऱ्याच शनिवारी घाटात असा आवाज काढला की शेजारी बसलेल्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बंद कर ते, मला दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय." कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच. ते कळायला मला तिसरा पावसाळा उजाडला.

आता ते जिथे कळलं त्या दुकानाबद्दल. बहादूरशेख नाक्यावरून कराड रोडला लागलं की पुढे रस्त्याच्या कडेला टपऱ्या आहेत: पंक्चर, सीट कव्हर, बॅटरी. त्यातल्या एका टपरीत वायपर, हॉर्न आणि बल्ब एवढंच मिळतं. पाटी नाही. बाहेर तारेला जुनी वायपरं बोंबलासारखी टांगलेली असतात, हीच खूण. चालवणाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. साठीच्या पुढचे, आधी ट्रकवर होते.

मी गेले ती चौथी जोडी विकत घ्यायला. म्हटलं, चाचा, तुमच्याकडची सगळ्यात भारी दाखवा. त्यांनी भारी जोडी दाखवलीच नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून काचेवर पाणी ओतलं आणि नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, पाणी बघा कसं पळतंय. काच तेलकट आहे. हिच्यावर सोन्याचा वायपर लावलात तरी रडणारच."

खरं सांगते, मला तिथे लाज वाटली. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दर वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला पोरांना ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची लांब काचेची नळी, दाखवून सांगते की बाळांनो, आत पाणी भरून सोडा. भिंतीवरून अखंड पापुद्र्यासारखं उतरलं तर ब्युरेट स्वच्छ, थेंब थेंब चिकटून राहिले तर आत ग्रीस आहे, परत धुवा. काच तीच, पाणी तेच, नियम तोच. आणि मी तीन वर्षं ती घाणेरडी ब्युरेट डोळ्यांसमोर धरून घाट चढत होते.

स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, आणि रबराची कड त्या पातळ थरावर घसरत जाते. काचेवर तेलकट थर असला की पाणी आकसून थेंब करतं. रबर मोठे थेंब ढकलतं, बारीक थेंब त्याच्या कडेखालून निसटतात. माझी ती साय म्हणजे हेच निसटलेले थेंब. ट्रकवाले वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात, त्यामागेही हीच गोष्ट आहे: थेंब मोडून पाणी पसरलं पाहिजे. चाचांनी ते पूर्वी कित्येकदा केलंय म्हणे. तंबाखू त्यांच्या मते जास्त वेळ टिकते. बटाट्याने माश्या येतात.

माझ्या काचेवर तेल आलं कुठून, याचाही छडा लागला. थोडं डिझेलच्या धुराचं, ते सगळ्यांच्याच काचेवर असतं. थोडं सर्व्हिसिंगच्या ठिकाणी पोरं गाडी चमकवायला जे पॉलिश मारतात त्याचं. बॉनेटवरचा फडका तसाच काचेवर फिरतो. आणि बाकीचं आमच्या दारातल्या आंब्याचं. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात, आणि त्यांच्या अंगातून गोड चिकटा खाली गळतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याखाली गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठिपके माहीत आहेत. त्यावर धूळ बसते, ऊन लागतं, मग मी आतून वायपर फिरवते आणि ते सगळं कमानीच्या आकारात काचभर सारवते.

चाचांनी काच आधी शाम्पूच्या पाण्याने दोनदा धुतली. मग एका डबीतली फिकट गुलाबी पूड पाण्यात कालवून, ओल्या नमद्याच्या तुकड्याने गोल गोल घासली. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "काचवाल्यांची पावडर." ती सेरियम ऑक्साइड होती, काच पॉलिश करायला तीच वापरतात, मी नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "असेल." पाऊण तास चाललं हे. शेवटी परत बाटलीने पाणी ओतलं आणि ते काचेवरून एका चादरीसारखं खाली उतरलं. एकही थेंब नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग वायपर. सिलिकॉनची जोडी तोपर्यंत कडेला चिरली होती, कारण तेलकट काचेवर उड्या मारून मारून तिची कड गेली. चाचांनी विचारलं, गाडीबरोबरची जुनी फ्रेम आहे का? होती, डिकीत, टॉवेलात गुंडाळून. मी काही टाकत नाही, घरचे हसतात. म्हणाले, मग जोडी कशाला घेता, नुसतं रबर घाला.

नुसतं रबर बदलता येतं, हे मला माहीतच नव्हतं. शोरूमला कधी कोणी सांगितलं नाही, आणि का सांगतील म्हणा. कसं बदलतात ते मी जवळून पाहिलं. रबराच्या एका टोकाला खाच असते, तिथे फ्रेमची शेवटची नखी अडकलेली असते. ती पक्कडीने जराशी उचलली की आख्खं रबर सापासारखं सरकून बाहेर येतं. त्याच्या दोन्ही अंगांना लांबलचक खोबणी असते, आणि दोन्हीत एकेक बारीक पोलादी पट्टी, घड्याळाच्या स्प्रिंगएवढी पातळ. खरी मेख या पट्ट्यांची. नव्या रबरात त्या परत घालताना दोन्हींचा बाक एकाच दिशेला, काचेकडे झुकलेला पाहिजे, आणि त्यांच्या खाचा आतल्या बाजूला, एकमेकींकडे तोंड करून. उलटी घातली तर रबर मधेच उचललं जातं आणि नेमकी डोळ्यांसमोरची पट्टी पुसायची राहते. मग एकेका नखीतून रबर ओवत न्यायचं, शेवटची खाच टक्‌ करून बसली की झालं. लांब राहिलेलं टोक ब्लेडने कापलं. घालण्याआधी त्यांनी फ्रेमचे सगळे सांधे जुन्या टूथब्रशने घासले; त्यातून जांभ्याची लाल माती अशी निघाली की जणू पुराचीच राहिली होती. सांधे जाम असले की फ्रेम काचेच्या गोलाईबरोबर वाकत नाही, मग रबर कितीही नवं असू दे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी मी कुठेच पाहिली नव्हती. वायपर ज्या दांडीला बसतो ती दांडी काचेच्या मध्यावर थांबवली, खाली वाकून रबराकडे आडवं पाहिलं आणि पक्कडीने दांडीला अगदी नखभर पीळ दिला. रबराची कड काचेवर सरळ उभी टेकली पाहिजे, म्हणजे जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे कलंडते. दांडी तिरकी असली तर कड जाताना नीट ओढली जाते, परतताना मात्र कलंडायच्या ऐवजी टोचत येते. माझं ते कर्र कर्र फक्त परतीच्या वाटेवरच का व्हायचं, याचं उत्तर त्या नखभर पिळात होतं. हे मात्र घरी करू नका. मी केलं असतं तर दांडी मोडली असती.

बिल: दोन्ही रबरांचे १६० रुपये, काचेच्या कामाचे २५०. पीळ फुकट. आधीच्या दोन जोड्यांचा हिशोब मी यजमानांना अजून सांगितलेला नाही.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर चाचा माझे नातेवाईक वाटतील. एक तर ते एकटेच काम करतात. आधी दोन गाड्या असल्या तर तास-दीड तास जातो आणि बसायला एक स्टूल. छप्पर गळकं, म्हणजे खरोखरच गळकं; पाऊस मोठा असला तर काचेचं काम करत नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलावतात. फ्रेमलेस वायपरचं रबर त्यांच्याकडे मिळत नाही, तिथे आख्खी जोडीच घ्यावी लागते. आणि त्यांच्या हाताखाली सुट्टीत येणारा नातू आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. माझी काच लखलखीत झाल्यावर तो मोठ्या उत्साहाने डॅशबोर्डला चमकवणारा फवारा घेऊन आला आणि अर्धा आतल्या काचेवर उडवला. चाचांनी त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आतल्या काचेवरून आठवलं. इतकं सगळं होऊनही पहिल्या रात्री दिव्यांचा फुलोरा थोडा राहिलाच होता. तो आतून होता. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं आणि त्यातून निघालेली वाफ काचेवर आतून पातळ थर धरते. वायपर आतून फिरत नाही, ते आपणच पुसायचं असतं. मी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, सुती धोतराच्या तुकड्यावर घेऊन आतली काच पुसली, आणि तुकडा चहाच्या गाळणीसारखा पिवळा झाला.

त्या दिवसापासून मी काय करते ते सांगते, कारण चाचांकडे दर महिन्याला जायचं काही कारण नाही. शुक्रवारी रात्री दांड्या उभ्या करते, ओल्या फडक्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब घेते आणि रबराची कड बोटांच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढते. फडक्यावर काळी रेघ उमटते. पहिल्यांदा मी ती रेघ पूर्ण जाईपर्यंत घासत बसले होते. तसं करायचं नाही. नव्या रबरावर घसरायला सोपं जावं म्हणून ग्रॅफाइटचा हात दिलेला असतो, आणि बराचसा काळा रंग त्याचाच असतो. दोन-तीन हात पुरे. कडेला बोट लावून बघायचं: सलग लागली तर ठीक, खडबड किंवा चिरा लागल्या तर रबर बदलायचं. इंटरनेटवर कोणीतरी बारीक सँडपेपरने कड घासायला सांगतं. मी फ्रेमलेस जोडीतल्या एकावर करून पाहिलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी काचेवर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा.

रॉकेल, डिझेल, थिनर यांतलं काहीही रबराला लावू नका. आमच्या शेजारच्या भाऊंनी मोठ्या प्रेमाने रॉकेलचा बोळा फिरवला होता, "मऊ राहतं" म्हणून. मऊ होतं खरं, कारण रबर ते पिऊन फुगतं. फुगलेली कड परत धारदार होत नाही, आणि वर काचेवर तेल ते तेलच.

आंब्याच्या चिकट्यासाठी मात्र कसलीही पूड लागत नाही, ती साखर आहे. कोमट पाण्यात भिजवलेला जुना पंचा काचेवर अंथरायचा, दहा मिनिटं चहा घ्यायचा आणि मग पुसायचं. नखाने खरवडू नका. आणि मार्च ते मे या दिवसांत कोरड्या धुळीवर वायपर फिरवायची हौस सोडा. जांभ्याची ती धूळ रबराखाली सापडली की काचेवर कमानी कोरते, आणि त्या कुठल्याही पावडरीने जात नाहीत. आधी पाणी, मग वायपर. त्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याचं भोक उघडं हवं. माझं एक क्षाराने बुजलं होतं, शिवणाच्या सुईने मोकळं झालं.

दांडी उभी करताना एक जपा. वायपर काढलेली मोकळी दांडी हातातून सुटली तर तिची स्प्रिंग ती थेट काचेवर आपटते, लोखंड काचेवर. मी एकदा रबर बघायला वायपर काढला आणि तेवढ्यात आईचा फोन आला. काच वाचली, पण खालच्या कोपऱ्यात तांदळाएवढा टवका आहे. तेव्हापासून आधी काचेवर घडी केलेली चादर, मग बाकीचं. उन्हात गाडी लावली की वायपर उभे ठेवावेत का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. मी ठेवत नाही; शाळेची पोरं जाता-येता त्यांच्याशी खेळतात आणि एखाद्याने सोडली दांडी की झालंच.

फ्रेमलेस जोडी मी माळ्यावरून काढून मार्चमध्ये परत लावून पाहिली, नळीने पाणी मारून. घासलेल्या त्या बाजूला रेघा, पण दुसरी, न घासलेली, काय सुरेख चालली! कर्र नाही, कुर्र नाही. तिला दोन वर्षं उगाच शिव्या दिल्या. तुमची काच स्वच्छ असेल आणि आठशे-हजार घालायची तयारी असेल तर जरूर घ्या. मी मात्र या पावसाळ्यातही चाचांच्या रबरावरच आहे. गेल्या शनिवारी घाटापलीकडच्या हेळवाकपर्यंत मुसळधार होता, धुकं होतं, समोरून ओळीने ट्रक होते, आणि मला त्या प्रत्येकाची नंबरप्लेट वाचता आली.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, टपरी बंद असते. सकाळी दहाच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो. आणि घरात कुठे जुन्या फ्रेमा पडल्या असतील तर घेऊन जा. तुमच्या कामाच्या नसल्या तरी चाचा त्यातल्या पोलादी पट्ट्या ठेवून घेतात आणि चहा पाजतात.